बरं वाटणं कसं मोजायचं?



गेल्या तीन अंकांपासून संपादक मंडळ माझ्या मागे लागले आहे की काहीतरी लिहून द्या. पाककृती दिली तरी चालेल, असेही सांगून झाले. पण मंडळातल्या बहुतेकांना आमच्या घरी काय घडले ते ठाऊक आहे आणि भेटल्यावर प्रत्येकजण मला एकच प्रश्न विचारतो, "आता कसे आहेत ते?" विचारणाऱ्याच्या हातात भाजीची पिशवी असते, माझ्या हातात वह्यांचा गठ्ठा असतो, बाहेर उन्हाचा तडाखा असतो. मग मी "बरे आहेत" असे म्हणून मोकळी होते. आज बसून उत्तर देते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबर २०२१ मध्ये साइटवरून परत येताना ह्यांच्या गाडीला अपघात झाला. हे मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. पुढच्या दोघांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, ह्यांच्या डोक्याला मार लागला. नऊ दिवस व्हेंटिलेटर, नंतर सहा आठवडे वॉर्ड, मग पुनर्वसन विभाग. फेब्रुवारी २०२२ मध्ये हे अबू हमूरच्या घरी आले. हातपाय शाबूत, बोलणे स्वच्छ, टाके केसांत झाकलेले. आमच्याच व्हिलाच्या दुसऱ्या भागात राहणाऱ्या मल्याळी ताई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "काही झालं होतं असं वाटतसुद्धा नाही!" त्या प्रेमानेच म्हणाल्या. पण ह्या एका वाक्याशी माझे भांडण अजून चालू आहे.

ह्यांचा पेशा मोजमापाचा. क्वांटिटी सर्व्हेअर म्हणजे काय हे इथे आखातात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. किती घनमीटर काँक्रीट, किती टन सळई, किती चौरस मीटर प्लास्टर, हे नकाशावरून काढायचे आणि कंत्राटदाराच्या बिलाशी ताडून पाहायचे. मी शाळेत शिकवते, म्हणजे गुण देणे हे माझेही रोजचे काम. त्यामुळे हॉस्पिटलात माणसाचेही मोजमाप चालते हे आम्हा दोघांच्या घराला तसे परके वाटायला नको होते. पण वाटले.

पहिला आकडा अपघाताच्या रात्रीच कानावर पडला, सात. डॉक्टर आपसांत बोलत होते, "जीसीएस सात." ही ग्लासगो कोमा मोजणी. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट ह्या दोन मेंदूशल्यविशारदांनी १९७४ मध्ये ती मांडली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त चार गुण, बोलण्याला पाच, हातापायांच्या हालचालीला सहा. एकूण पंधरा. शून्य कोणालाच मिळत नाही, काहीच प्रतिसाद नसला तरी तीन असतात. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर इजा. त्याआधी एक डॉक्टर "रुग्ण गुंगीत आहे" लिहायचा, दुसरा "अर्धवट शुद्धीत" लिहायचा आणि तिसऱ्याला दोन्हींचा अर्थ निराळा वाटायचा. ह्या मोजणीमुळे जगभरच्या अतिदक्षता विभागांना एक भाषा मिळाली.

भाषेवरून आठवले. व्हेंटिलेटर काढल्यावर चारेक दिवसांनी हे काहीतरी पुटपुटू लागले. केरळची नर्स होती, अतिशय मायाळू. तिने मला आत बोलावले आणि विचारले, "हे निरर्थक आवाज आहेत की तुमची भाषा आहे?" मी कान लावला. हे म्हणत होते, "आरं, पाणी दे की जरा." मी तिला सांगितले, भाषा आमचीच आहे, आणि तीही खास सांगलीची. ती हसली, पेन उघडले. तेवढ्यात ह्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "कोयना किती वाजता हाय?" कोयना एक्स्प्रेस! दोह्यात! म्हणजे शब्द स्पष्ट, पण स्थळकाळाचा पत्ता नाही. त्याला बोलण्याच्या पाचांपैकी चार गुण मिळतात. मी भाषांतर केले नसते तर दोनच मिळाले असते. आपल्यापैकी कोणावर अशी वेळ आली, तर घरातले कोणीतरी त्या वेळी जवळ असावे आणि रुग्ण काय पुटपुटतो ते नर्सला नीट सांगावे. मोजणाऱ्याचा त्यात दोष नसतो. ती बिचारी दिवसभरात पाच-सहा भाषांतली कण्हणी ऐकत असते.

पुढे सुमारे चार आठवडे ह्यांच्या मनात दिवस टिकतच नव्हता. सकाळी भेटून गेलेला माणूस दुपारी आठवायचा नाही. डॉक्टर ह्या काळाची लांबी काळजीपूर्वक मोजतात, कारण नव्या आठवणी साठायला जेवढा उशीर तेवढी इजा खोल, असा अनुभव आहे. आम्हाला तेव्हा वाटत होते, डोळे उघडले, ओळखले, आता काय राहिले! खरे तर तिथून सुरुवात होती.

दुसरे माप परिणामांचे. तेही ग्लासगोचेच. १९७५ मध्ये जेनेट ह्यांनी मायकेल बाँड ह्या मनोविकारतज्ज्ञांबरोबर पाच पायऱ्या ठरवल्या. मृत्यू, जागृत पण जाणीवहीन अवस्था, तीव्र अपंगत्व, मध्यम अपंगत्व, चांगली सुधारणा. नंतर ह्यातल्या वरच्या तीन पायऱ्या प्रत्येकी दोन भागांत वाटून आठ झाल्या. प्रश्न अगदी घरगुती असतात. एकट्याने घरी राहू शकतात का? दुकानात जाऊन सामान आणू शकतात का? प्रवास करता येतो का? पूर्वीचे काम करता येते का? मित्रांत, घरात, पूर्वीसारखे संबंध आहेत का?

अपघाताला वर्ष झाले तेव्हा ह्यांना आठांपैकी सहा मिळाले. "मध्यम अपंगत्व, वरची पायरी." कारण ऑगस्ट २०२२ पासून हे अर्धा दिवस कामावर जात होते, पण पूर्वीच्या जागेवर नव्हे. कंपनीने त्यांना कागदपत्रांच्या नोंदींचे काम दिले. नकाशे आले की क्रमांक टाकायचा, कोणाकडे गेले ते लिहायचे. पंधरा वर्षे ज्यांनी कंत्राटदारांची बिले कापली, त्यांनी आता शिक्के मारायचे. पगारही त्या मानाने.

इथे मला ग्लासगोच्या माणसांना एक सांगावेसे वाटते. कामाचा प्रश्न तुमच्याकडे एका कामाचाच असेल. आमच्याकडे नोकरी म्हणजे आरपी, आरपी म्हणजे घर, मुलीची शाळा, गाडीचा परवाना, हॉस्पिटलचे कार्ड. नोकरी गेली की नवी शोधायला थोडी मुदत, आणि ती संपली की सामान बांधा. २०२२ च्या विश्वचषकाआधी सगळे स्टेडियम, रस्ते, मेट्रो उभे राहिले आणि स्पर्धा संपल्यावर बांधकामातल्या कित्येकांना परतीची तिकिटे निघाली, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. त्या वातावरणात हे सकाळी उठून, डबा घेऊन, कंपनीच्या बसने जात होते. त्या सहाव्या पायरीवर आमचे चौघांचे (सांगलीला सासूबाई धरून) जगणे उभे होते. कागदावर मात्र तो एक आकडा.

आणि त्या आकड्यात ह्या गोष्टी बसत नव्हत्या. हे चार वाजता घरी येत ते पार गळून. बूट न काढता सोफ्यावर तासभर पडत. कुकरची शिट्टी, टीव्ही आणि मुलीचा फोन एकदम सुरू झाला की डोके धरून उठत आणि ओरडत. हे पूर्वी कधी ओरडले नव्हते. बावीस वर्षांच्या संसारात माझाच आवाज मोठा, हे आमच्याकडे येणारे सगळे जाणतात. शिवाय स्वतःहून काही सुरू करायचे म्हटले की अडते. "चला, फिरायला जाऊ" म्हटले की निघतात. म्हटले नाही तर रात्रीपर्यंत तसेच बसून राहतील. लोकांना तो आळस वाटतो. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की असे होते, इच्छा असते पण गाडी सुरूच होत नाही, असे आम्हाला समजावले गेले.

दुसरे म्हणजे वास. डोक्याला मार लागल्यावर वासाच्या बारीक नसा तुटतात आणि पुष्कळांचा वास कायमचा जातो. ह्यांचा गेला. घरी आल्यावर पहिल्या रविवारी मी मुद्दाम मालवणी मसाल्याचा रस्सा केला. हे जेवले, ताट धुऊन ठेवले आणि म्हणाले, "गरम होतं." बस, एवढेच. गॅसचा वास येत नाही म्हणून मी शाळेत असताना ह्यांनी शेगडी पेटवायची नाही, असा नियम आम्ही केला. चहाला विजेची किटली.

मग २०२४ च्या मार्चमध्ये पुनर्वसनाच्या मानसतज्ज्ञ बाईंनी एक नवा फॉर्म हातात ठेवला. विषय "क्वालिटी ऑफ लाइफ." दोन प्रती होत्या. एक ह्यांनी स्वतःविषयी भरायची, दुसरी मी ह्यांच्याविषयी भरायची. आणि भरून होईपर्यंत एकमेकांना दाखवायची नाही!

ह्या शब्दाला आपल्याकडे घरात वापरायचा शब्द नाही, हे मला तेव्हाच जाणवले. "जीवनमान" म्हटले की पगार, फ्लॅट, गाडी आठवते. "गुणवत्ता" म्हटले की दहावी-बारावीची गुणवत्ता यादी आणि वर्तमानपत्रातले पेढे भरवतानाचे फोटो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ पासून ह्यावर मोठे काम केले आणि त्यात नवी दिल्ली आणि मद्रास ही आपली दोन केंद्रेही होती. आपल्या संस्कृतीत, आपल्या मूल्यांप्रमाणे, आपल्या अपेक्षांच्या मानाने माणसाला स्वतःचे जगणे कसे वाटते, ते म्हणजे क्वालिटी ऑफ लाइफ, असे त्यांनी ठरवले. पहिली प्रश्नावली शंभर प्रश्नांची होती, पुढे सव्वीस प्रश्नांची छोटी आवृत्ती निघाली. "वाटते" हा शब्द त्यात महत्त्वाचा. डॉक्टरांना किंवा शेजाऱ्यांना काय वाटते ते नव्हे.

आम्हाला मिळालेली प्रश्नावली खास मेंदूच्या इजेसाठीची होती. नाव "क्वॉलिब्री." जर्मनीतल्या निकोल फॉन श्टाइनब्युखेल आणि अनेक देशांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सदतीस प्रश्न, सहा गट. विचारशक्ती, स्वतःविषयीची भावना, रोजचे जगणे आणि स्वावलंबन, आणि माणसांशी संबंध, ह्या चार गटांत विचारतात की तुम्ही किती समाधानी आहात. भावना आणि शरीर ह्या दोन गटांत विचारतात की अमुक गोष्टीचा तुम्हाला किती त्रास होतो. उत्तरे पाच, अजिबात नाही इथपासून खूप इथपर्यंत. सगळे मिळून शंभरापैकी एक आकडा निघतो.

फॉर्म इंग्रजीत होता. ह्यांना इंग्रजी उत्तम येते, पण लांब वाक्य वाचताना शेवटाला येईपर्यंत सुरुवात निसटते. म्हणून त्यांच्या प्रतीतले प्रश्न मी मराठीत सांगायचे आणि त्यांनी खुणा करायच्या, असे ठरले. शुक्रवारची सकाळ होती. बाहेर चर्चच्या संकुलाकडे जाणाऱ्या गाड्यांची नेहमीची रांग, आत आम्ही जेवणाच्या टेबलावर समोरासमोर, आणि अकरावीतली लेक अभ्यासाचे पुस्तक पुढे ठेवून कान टवकारून बसलेली.

"लक्ष केंद्रित करण्याच्या तुमच्या क्षमतेबद्दल" असे मी शाळेतल्या बाईसारखे सुरू केले तेव्हा हे म्हणाले, "मराठीत सांग." मग मी विचारले, "एका कामात डोकं लागतं का? लागतं तेवढ्यावर तुम्ही खूश आहात का?" तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. रस्ता सापडण्याविषयीचा प्रश्न आला. अबू हमूरमध्ये राहणाऱ्यांना हसू येईल. इथल्या गल्ल्या, त्याच त्या मातकट भिंती, तीच लोखंडी फाटके, गच्चीवर त्याच टाक्या. चांगल्या डोक्याचा माणूसही चुकतो. हे घरी आल्यानंतर पहिल्या उन्हाळ्यात ग्रोसरीतून खुबूस आणायला गेले आणि पाऊण तास आले नाहीत. ग्रोसरीचा पोरगा त्यांना घेऊन आला. आता हे एकाच वाटेने जातात, कोपऱ्यावरच्या सिद्राच्या झाडापाशी वळतात, चुकत नाहीत. त्यांनी खूण केली, "खूप समाधानी." मी माझ्या प्रतीवर, "थोडेफार."

एक प्रश्न पतिपत्नींच्या खासगी संबंधांविषयी आहे. मुलगी समोर बसलेली, म्हणून मी तो नंतरसाठी ठेवला आणि पुढे गेले. सगळे झाल्यावर ह्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "अगं, छत्तीसच झाले." लेक खुदकन हसली आणि उठून आत गेली. मला मात्र भरून आले. खुणा मोजत बसले होते! पंधरा वर्षे बिलांतल्या गाळलेल्या बाबी अशाच तर शोधल्या होत्या.

आठवड्याने आकडे आले. ह्यांचे स्वतःचे ७८. मी दिलेले ५६.

शाळेत दोन परीक्षकांच्या गुणांत एवढा फरक पडला तर उत्तरपत्रिका तिसऱ्याकडे जाते. इथे तिसरा कोण? मानसतज्ज्ञ बाईंनी सांगितले की असा फरक नेहमीच आढळतो. चालणे, कपडे घालणे अशा दिसणाऱ्या गोष्टींत रुग्ण आणि घरचे बहुधा जुळतात, मनातल्या गोष्टींत फाटे फुटतात. कधी मेंदूच्या इजेमुळे रुग्णाला स्वतःची उणीवच जाणवत नाही. कधी घरच्यांची काळजी आणि दमणूक त्यांच्या आकड्यात उतरते. आणि कधी रुग्णाने मनातली फूटपट्टीच बदललेली असते. मरणाच्या दारातून परतलेल्याला सकाळचा चहा हाच मोठा सोहळा असतो. गंभीर अपंगत्व असूनही आपले जगणे चांगले आहे असे सांगणारी माणसे पुष्कळ असतात आणि बाहेरच्यांना ते पटत नाही. संशोधकांनी त्याला "अपंगत्वाचा विरोधाभास" असे नावही दिले आहे.

मी विचारले, मग खरा आकडा कोणता? बाई म्हणाल्या, "दोन्ही लिहून ठेवायचे." मला ते उत्तर तेव्हा अगदी सरकारी वाटले. आता तसे वाटत नाही.

राग ह्या प्रश्नावर ह्यांचे उत्तर होते, "त्रास थोडा." माझे, "खूप." अर्थात! ओरडून झाले की ह्यांच्या मनातून ते पाच मिनिटांत जाते, माझ्या मनात तो दिवस जातो. दोघांचीही उत्तरे खरी. उलट कंटाळा ह्या प्रश्नावर मी "थोडा" लिहिले होते आणि ह्यांनी "खूप." सोफ्यावर शांत बसलेला माणूस मला समाधानी वाटत होता, आणि आत तो कंटाळून गेला होता. त्या फॉर्मने मला ही एक गोष्ट सांगितली. त्या आठवड्यात मी शाळेतली जुनी भूमितीची पुस्तके घरी आणली. हे रोज संध्याकाळी दोन प्रमेये सोडवतात. दिसण्या-ऐकण्याचा प्रश्न त्यात होता, वासाचा नव्हता, ही तक्रार मी बाईंकडे नोंदवली आहे.

लेकीला आम्ही गंमत म्हणून विचारले, तू किती देशील? ती म्हणाली, "ऐंशी." का? "बाबा आता चारला घरी असतात." अपघातापूर्वी हे रात्री साडेआठला येत. ह्यावर आम्ही दोघेही गप्प बसलो.

आता जरा वेगळे. ज्याला खूणच करता येत नाही त्याचे काय? मुंबईच्या वाचकांना अरुणा शानबागचे नाव सांगायला नको. कर्नाटकातल्या हळदीपूरची मुलगी, परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. डोक्याला लागलेल्या मारापेक्षा ही इजा निराळी, पण मेंदूला भरपाई नाही हे दोन्हीकडे सारखेच. ती पुढे जवळजवळ बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. माझी मावशी परळला राहायची. केईएमच्या फाटकावरून जाताना ती न चुकता हात जोडायची, ते देवासाठी की अरुणासाठी हे मी कधी विचारले नाही.

पत्रकार पिंकी विराणी ह्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की हे जगणे जगणे नव्हे, तिला शांतपणे जाऊ द्यावे. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. त्यांनी तिला तपासले आणि मेंदू मृत झालेला नाही, पण जाणीवहीन अवस्थेची बहुतेक लक्षणे आहेत, असे सांगितले. दुसऱ्या बाजूला केईएमच्या परिचारिका उभ्या राहिल्या. त्या म्हणत होत्या की ती आमची आहे, आम्ही करू. १९८० च्या दशकात महापालिकेने तिला तिथून हलवायचे ठरवले तेव्हाही त्यांनी आंदोलन करून ते थांबवले होते. तिच्या शुश्रूषेत पिढ्या बदलल्या. ज्यांनी तिला चालताबोलताना कधी पाहिले नव्हते त्या मुलींनी तिला भरवले, कूस बदलली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने विराणींचा अर्ज फेटाळला. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असे म्हटले. त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, अशा रुग्णांचे कृत्रिम उपचार थांबवण्याची वाट देशात पहिल्यांदा मोकळी झाली.

मला विराणींचेही म्हणणे कळते. नवव्या दिवशी मी त्या काचेबाहेर उभी होते तेव्हा माझ्याही मनात नको ते येऊन गेले. पण परिचारिकांनी दिलेला आकडा आणि बाहेरच्यांनी दिलेला आकडा एवढा निराळा का, हे मला आमचा फॉर्म भरल्यावर थोडे उमगले. रोज भरवणाऱ्याला ज्या बारीक गोष्टी दिसतात त्या निवाड्याच्या कागदावर येत नाहीत. आणि रोज भरवणाऱ्याला सोडून देणे अवघड जाते, हेही तेवढेच खरे.

सासूबाईंची मोजणी मात्र सोपी आहे. दर रविवारी सांगलीहून फोन. तीन प्रश्न. "जेवतोय का नीट? झोपतोय का? माणसात बसतोय का?" तिन्हीला हो म्हटले की म्हणतात, "मग आला माणसात." "माणसात येणे" ह्या आपल्या शब्दाला त्या सहा गटांत कुठेही जागा नाही आणि तरी त्यात सगळेच आहे. फक्त तिसऱ्या प्रश्नाला मी दर वेळी हो म्हणू शकत नाही. चार माणसे एकदम बोलू लागली की ह्यांना धागा पकडता येत नाही, मग हे उठून जातात. त्यामुळे हळूहळू आमची बोलावणी कमी झाली. कोणाचा राग नाही. बोलावणाऱ्यांनाही अवघडल्यासारखे होत असेल.

सांभाळणाऱ्यांसाठीही प्रश्नावली असते. झारिट नावाची, बावीस प्रश्न. तुम्हाला स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, रुग्णाजवळ असताना ताण येतो का, असे प्रश्न. मी भरली, आकडा कळला, तो इथे सांगत नाही. पण त्यानंतर दर मंगळवारी संध्याकाळी आमच्याच मंडळातल्या एक वहिनी आमच्याकडे येऊन बसतात आणि मी एकटी कॉर्निशला जाते. समुद्राकडे बघते, करक चहा घेते, परत येते. त्यांचे नाव लिहू नका असे त्यांनी बजावले आहे.

प्रश्न आता पुढचा आहे. ह्यांचे कंत्राट येत्या मार्चमध्ये संपते. कंपनी आणखी एक वर्ष देईल असे दिसते, पगार तोच. मोठे दीर म्हणतात, सांगलीला या, घर आहे, माणसे आहेत, तिथे त्याला काम करायची गरज नाही. बरोबर आहे त्यांचे. पण तिथे सकाळी डबा घेऊन जाण्याची जागा नाही. तिथे दारात दिवसभर माणसे, लग्नाचे बँड, रस्त्यावरचे हॉर्न, आणि "काहीच झालेले दिसत नाही" म्हणणारे दहा पटींनी जास्त. शिवाय हे मोटारसायकल काढतील ही मला धास्ती. भारतात २०२२ ह्या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. जी वाचली आणि आमच्यासारखी घरी आली, त्यांची मोजदाद वेगळीच. इथे दोन खोल्या, उन्हाळ्यात पाच महिने कोंडून राहणे, लेक आता पुण्याला कॉलेजात, आणि मी शाळेत असताना हे एकटे. पण शिस्त आहे, शांतता आहे, ओळखीची वाट आहे, आणि सिद्राचे झाड आहे.

गेल्या शुक्रवारी आम्ही तो सदतीस प्रश्नांचा फॉर्म पुन्हा काढला. ह्यांचीच कल्पना. ह्या वेळी त्यांनी कागदाला दोन रकाने आखले, एक "इथे", एक "सांगली", आणि प्रत्येक प्रश्नाला दोन्हीकडे अंदाजाने गुण द्यायला बसले. अगदी दोन कंत्राटदारांच्या निविदा तुलनेला लावाव्यात तसे. अकरा प्रश्न झाले आणि दमले. उरलेले ह्या आठवड्यात करायचे आहेत. माझा रकाना मी वेगळ्या कागदावर भरते आहे, दाखवायचा नाही ह्या जुन्या नियमाने.

जाता जाता मंडळाला दोन गोष्टी. घरी येताना कृपया दोघा-दोघांनीच या, आणि एकाने बोलावे. आणि गाडीत मागे बसलात तरी पट्टा लावा, मुलांना लावायला लावा, अगदी सफारी मॉलपर्यंत जायचे असले तरी.

कोजागिरीच्या कार्यक्रमाला आम्ही दोघे येणार आहोत. दाराजवळच्या, स्पीकरपासून लांबच्या दोन खुर्च्या ठेवल्यात तर उपकार होतील. वर्गणीचा हिशेब ठेवायला ह्या वर्षी कोणी मिळत नाही असे कळले, तो हे करायला तयार आहेत. मात्र प्रत्येक पान दुसऱ्या कोणीतरी तपासून सही करावी, ही अट त्यांनी स्वतःच घातली आहे.